पडायची शिकवणी

"वाक," मीनाबाई म्हणाल्या. "नाही," मी म्हणाले. आमची ओळख एवढीच झाली आणि पुढचा अख्खा हिवाळा तेवढ्यावरच अडून राहिली.

मी तेव्हा विशीतली होते आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर मला एका पानात, पाठपोट, देता यायचं. पेणला आमच्या संघटनेची पत्रकं मीच लिहायचे. गुलाबी नाहीतर पिवळ्या पातळ कागदावर ती छापली जायची आणि छापखान्याचे मालक प्रत्येक वेळी कपाळाला हात लावायचे. "ताई, कागदावर तरी जरा हळू बोला. उद्गारचिन्हांचे खिळे झिजले माझे." मी हळू बोलायचे नाही. हुंडा घेणाऱ्याच्या मांडवात जेवू नका, असं पत्रक एका लग्नाच्या दारात वाटून मी उपाशी घरी आले होते. आत जिलेबी होती आणि तिचा वास थेट रस्त्यापर्यंत येत होता, तरी आले होते. माझ्या प्रत्येक पत्रकाची शेवटची ओळ ठरलेली असायची: आम्ही वाकणार नाही! सासूपुढे नाही, सरपंचापुढे नाही, साहेबापुढे नाही! अशात संघटनेनं ठरवलं की मुलींना स्वसंरक्षण शिकवायचं. कुणीतरी बातमी आणली की रोह्याच्या शेजारी वरशात एक हॉलंडची बाई रविवारी सकाळी मुलींना जपानी कुस्तीसारखं काहीतरी फुकट शिकवते. मी जाऊन शिकायचं आणि पेणला येऊन सगळ्यांना शिकवायचं, असा ठराव झाला. ठराव मीच मांडला होता.

पहिल्या एसटीनं मी पोचले. कबड्डी मंडळाची पत्र्याची शेड होती, तीन बाजूंनी बंद, चौथी बाजू उघडी. आत जमिनीवर भाताचा पेंढा भरून शिवलेली गोणपाटं एकाला एक लावून ठेवलेली, त्यावर जाड चादर ताणलेली. या चटईच्या कडेला साठीकडे झुकलेली एक बुटकी, रुंद बाई उभी. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, अंगात जाड पांढरा सदरा आणि खाली काळी, चुण्यांची, घागऱ्याइतकी घोळदार विजार. मी एसटीत इंग्रजीतलं एक सबंध वाक्य जुळवून आणलं होतं. ते तोंडातच राहिलं, कारण बाई म्हणाल्या, "काय गो, कान नाय काय? वाक बोलतंय ना."

बाईंचं खरं नाव विल्हेल्मिना. एवढं नाव घ्यायला रोह्यात कुणाला वेळ नव्हता, म्हणून पहिल्या आठवड्यातच त्या मीनाबाय झाल्या. मराठी त्या बाजारातल्या यसूबाय कोळणीकडून शिकल्या होत्या, रोज मासळी घेता घेता. त्यामुळे हुकूम सुटायचे ते जपानीत आणि शिव्या पडायच्या त्या खाडीकाठच्या.

"कुणापुढे वाकायचं?" मी विचारलं.

"पैली चटईपुढं. मंग माझ्यापुढं. मंग मी तुझ्यापुढं."

"मी कुणापुढेही वाकत नाही. ते माझं तत्त्व आहे."

यसूबायच्या शिकवणीत हा शब्द आलेला नसावा. बाईंनी वळून शकूकडे पाहिलं. शकू ही त्यांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, वडील मिठागरात कामाला, जीभ धारदार. "तत्त्व म्हंजे काय गो?" बाईंनी विचारलं.

"हट, बाई," शकू म्हणाली.

"बरं," बाई मला म्हणाल्या. "तुझा हट भायेर ठेव नि आत ये. नायतर हटाबरोबर तू बी भायेर."

मी तत्त्वाबरोबर बाहेर थांबले. बाईंनी हाकललं नाही, बोलावलंही नाही. उघड्या बाजूनं आतलं सगळं दिसायचं, तेव्हा आतल्या मुली चटईवर जे करायच्या ते मी बाहेर अंगणात करायला लागले. आत पेंढा, बाहेर चोपलेली माती. दर रविवारी मी चपला काढून कडेला उभी राहायचे, बाई म्हणायच्या, "वाक." मी म्हणायचे, "नाही." मग दोघी आपापल्या जागी जायचो. हळूहळू त्याचीही एक रीत झाली. एका रविवारी मला सर्दी होती आणि आवाज निघेना, तर बाईंनी माझ्या वतीनं "नाय" म्हणून घेतलं.

माझा खरा संताप वेगळाच होता. बाई फक्त पडायला शिकवत होत्या. पुढं पडा, मागं पडा, कुशीवर पडा, हनुवटी छातीला लावून खांद्यावरून लोळा आणि उभ्या राहा. मी दुसऱ्याला पाडायला आले होते! पेणला जाऊन काय सांगू, बहिणींनो, अत्याचारी समोर आला की आधी आपणच पडा? मी अंगणातून ओरडायचे, "बाई, पाडायला कधी शिकवणार?" आतून उत्तर यायचं, "तू पडतंस तशी म्हैस पडतं. परत."

घरी तर नुसती मजा होती. आम्ही पेणला रामवाडीत राहायचो. आई पोह्याचे पापड करायची, त्यामुळे आमच्या घराला दिवसभर एक ठोका असायचा: उखळात पीठ कुटायचं मुसळ, मग पोळपाटावरचं लाटणं, मग परत मुसळ. नाना नागोठण्याला कंपनीत शिफ्टला जायचे आणि रात्रपाळी करून आले की त्या ठोक्यातच झोपायचे. मुसळ थांबलं की दचकून उठायचे, "काय झालं?" पिठाची नुकती कुटलेली तिखट लाटी तेलात बुडवून खाण्यासारखं सुख मला अजून सापडलेलं नाही. आता डॉक्टरांनी पापडखार बंद केलाय. डॉक्टरांविरुद्ध पत्रक काढायचं मनात आहे. तर त्या घरात मी सराव करायचे. आई लाटणं हवेत धरून बघायची. "पडायला शिकायला रोह्याला? रांगत होतीस तेव्हा घरातच पडायचीस गो, कुणी शिकवलं नव्हतं." एकदा मी अंगणात खांद्यावरून लोळले ती थेट वाळत घातलेल्या पापडांवर. आईनं माझ्या पाठीला चिकटलेला एक एक पापड सोलून काढला. नाना खाटेवरून म्हणाले, "शिकू दे तिला. फक्त दिशा बदल म्हणावं."

मीनाबाईंची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली, वर्ग सुटल्यावर शेडीच्या पायरीवर. त्या तांदळाची भाकरी आणि सुका बोंबील खायच्या आणि मी, वर्गाबाहेरची असूनही, वाटेकरी असायचे. माझ्याच वयाच्या असताना जहाजाच्या कचेरीत नोकरी धरून त्या जपानला गेल्या. तिथं एका दुकानाच्या मागच्या दालनात एक म्हातारी ही विद्या शिकवायची. पहिल्या दिवशी बाई इतक्या मनापासून वाकल्या की तोल जाऊन डोक्यावर पडल्या. म्हातारी म्हणाली, छान, हिनं सुरुवात केली. ती म्हातारी जाईपर्यंत बाई तिच्याकडेच राहिल्या. मग लग्न झालं ते यंत्रं बसवणाऱ्या इंजिनियरशी. तो ज्या देशात यंत्र बसवायचा तिथं बाई चटया घालायच्या. रोह्याला आल्यावर त्यांनी आधी भातशेती पाहिली आणि आनंदानं टाळीच वाजवली, कारण जपानातल्या अस्सल चटईच्या पोटातही भाताचा पेंढाच असतो. फक्त जपानी चटईत उंदीर होत नाहीत म्हणे. आमच्यात व्हायचे. रोज सकाळी त्या वरशातल्या बंगल्याच्या गच्चीवर एक लांब लाकडी भाला घेऊन एकट्याच सराव करायच्या. शेजारचे आजोबा बरेच दिवस बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "बाय, आंबं अजून तयार नाय झालं."

"एवढी वर्षं शिकताय," मी एकदा विचारलं, "कुणाला बडवलंत का कधी?"

"नाय."

"कधीच नाही?"

"एकदा. नवऱ्याला. झोपेत." बोंबलाचं शेपूट चावत त्या म्हणाल्या, "अजून शिकतंय."

कापणी आटोपली, शेतात वाल हिरवे झाले आणि कबड्डीचा हंगाम आला. एका रविवारी मंडळाचे तात्या शेडीत आले. धोतर, टोपी, गळ्यात शिट्टी. शिट्टी मी त्यांच्या गळ्यातून उतरलेली कधी पाहिली नाही. "मीनाबाय, पोरांना शेड लागंल आता. पुढच्या रविवारपास्नं चटया उचला." शेड गेली म्हणजे वर्ग गेला, हे तिथल्या प्रत्येक मुलीला कळलं. बाईंच्या घरात किंवा गच्चीवर एवढ्या चटया मावणार नव्हत्या आणि उघड्या मैदानात लोळायला कुणाची आई परवानगी देणार नव्हती. शकूनं एकदाच विचारलं, "मंग आम्ही कुठं जायचं, तात्या?" तात्या म्हणाले, "पोरींनी घरी पडावं."

घरी पडावं! मी एसटीत बसले तेव्हा मजकूर डोक्यात तयार होता आणि नागोठणं येईपर्यंत तिकिटाच्या पाठीवर मथळाही झाला होता. आव्हान! आव्हान! आव्हान! रोहा तालुक्यातल्या तमाम पैलवानांनो, कबड्डीपटूंनो आणि मिशीवाल्यांनो! ज्या बाईला शेडीबाहेर काढता तिला आधी पाडून तर दाखवा! येत्या रविवारी! शेडीसमोर! बाई जिंकल्या तर शेड मुलींची! आम्ही वाकणार नाही! बाईंना विचारावं असं मला सुचलंच नाही. चळवळीत विचारायला वेळ नसतो. पेणच्या स्टँडपासून रोह्याच्या बाजारापर्यंत मी ते पत्रक वाटलं. मला आजही त्याची लाज वाटत नाही. भाषा उत्तम होती.

बाईंपर्यंत ते मांदेलीला गुंडाळून पोचलं. यसूबायनं मासळी बांधून दिली तो पिवळा कागद, वर तीन उद्गारचिन्हं. दोघींनाही मराठी वाचता येईना, म्हणून त्यांनी शेजारच्या केळीवाल्याला वाचायला लावलं. त्यानं ते सबंध बाजाराला ऐकू जाईल असं वाचलं आणि 'मिशीवाल्यांनो'पाशी थांबून स्वतःची मिशी चाचपली.

रविवारी मी पोचले तर शेडीसमोर जत्रा. मंडळाची पोरं, त्यांचे काके-मामे, बाजारातल्या बाया, केळीवाला हातगाडीसकट. मीनाबाई पायरीवर बसल्या होत्या. "हे कुनी लिवलं?" त्यांच्या हातात माशाचा वास येणारा कागद होता.

"मी."

"या विद्येत सामना नाय. सगळा जलम मी कुनाशी भांडलं नाय." त्यांनी कागदाची नीट घडी घातली. "मंग आता उभी कोन राहील?"

मी शकूकडे पाहिलं. शकूनं माझ्याकडेच बोट दाखवलं.

मंडळाचा कप्तान बाळाराम. कंपनीत हेल्पर आणि मैदानात घोट्याची पकड करणारा. त्याच्या हातात पाय गेला की तो पाय त्या संध्याकाळी घरी लंगडतच जायचा. तो माझ्यापेक्षा जास्त अडचणीत होता. "तात्या, आज्जीवर हात टाकू मी? आय मना घरात घ्येल काय?" मग माझ्याकडे बघून, "नि हिच्याशी कुस्ती? माझ्या भैनी हायत घरात." तात्यांनी शिट्टी चोळत विचार केला आणि निवाडा दिला. कबड्डी. एकच चढाई. मी मधली रेघ ओलांडून आत जायचं, कुणाला तरी हात-पाय लावून एका दमात परत यायचं. आले तर रविवारची सकाळ मुलींची. धरली गेले तर चटया आजच उचलायच्या.

मला कबड्डी येत होती असं नाही, पण पेण-रोह्यात कबड्डी न येणारं मूल कुठून आणायचं? शाळेत, गल्लीत, यात्रेत आम्ही तेवढंच खेळलो. मैदानावर नुकतं पाणी शिंपडलं होतं, मातीचा थंड वास येत होता, समोर सात जण हातात हात गुंफून साखळ्या करून उभे. मी रेघेपाशी गेले. तात्यांनी शिट्टी मारली आणि मागून एक डच कंठ फुटला.

"वाकलं! यसूबाय, बग गो, वाकलं!"

सगळी गर्दी चमकून मीनाबाईंकडे बघायला लागली. मीही थांबले. माझा उजवा हात कपाळाला होता आणि कपाळाला माती लागलेली होती. रेघेला हात लावून तो कपाळाला लावल्याशिवाय आमच्याकडे कुणी आत पाऊल टाकत नाही; मी पाच वर्षांची असल्यापासून टाकलं नव्हतं. मी वाकले हे मला कळलंसुद्धा नव्हतं. "वाकणारच ना, बाय," यसूबाय समजुतीनं म्हणाली. "बिनवाकता कोन खेलतं?"

मला इतका राग आला की दम आपोआप सुरू झाला. कबड्डी! कबड्डी! कबड्डी! प्रत्येकापुढं उद्गारचिन्ह होतं. कोपऱ्यातल्या पोराच्या गुडघ्याला मी पाय लावला आणि वळले, तोच बाळारामनं घोटा धरला. मी पडले. सबंध हिवाळा त्याच मातीत पडले होते, तशीच पडले: हनुवटी छातीला, खांद्यावरून गोल. बाळारामच्या हातात घोटा होता पण घोट्याच्या मालकिणीचं चाक झालं होतं. त्याची पकड पिळवटून सुटली. मी उठले, कंबर धरली गेली, पुन्हा पडले, पुन्हा सुटले, आणि प्रत्येक पडण्यागणिक रेघेकडं सरकत गेले. कडेला वर्गातल्या मुली किंचाळत होत्या. "पड गो, पड!" असं प्रोत्साहन दुसऱ्या कुणाला मिळालं असेल असं मला वाटत नाही. शेवटी सातच्या सात जण अंगावर पडले. त्या ढिगाखालून मी हात लांबवला. बोटांपुढं रेघ दिसत होती, वीतभर लांब असेल. आणि दम तुटला.

तात्यांनी हात वर केला. बाद.

ढीग हळूहळू उकलला. एकाचं कोपर सोललं होतं, एक गळ्याखालचं हाड धरून बसला होता, बाळाराम स्वतः डावा खांदा दाबत उठला. मी उठून कपडे झटकले. "लागलं काय?" त्यानं विचारलं. "नाही." "कुठंच?" "नाही म्हटलं ना!" तो माझ्याभोवती एक पूर्ण चक्कर मारून आला, बैल बघतात तसा. मी त्याच्याशी भांडले नाही, कारण मागं शकू आणि बाकीच्या मुली चटया उचलायला लागल्या होत्या. एका गोणपाटाची शिवण उसवली आणि पेंढा मैदानभर सांडला. शकू तो गोळा करत होती, एक एक काडी. पत्रकात 'हरलो तर' असं कलम मी घातलंच नव्हतं.

मंडळाच्या पोरांनी जिंकणार म्हणून आधीच पोपटीची तयारी केली होती. यसूबाय म्हणाली, हरल्यांनापण पोट असतं, आणि आम्हाला ओढूनच नेलं. दिवस कलताना वालाच्या शेताच्या बांधावर पोपटीचं मडकं लागलं: तळाला भांबुर्ड्याचा रानपाला, वर वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, मधे मधे अंडी, तोंडाला परत भांबुर्ड्याचा बोळा, आणि सगळं उपडं घालून वर पालापाचोळा पेटवलेला. भांबुर्डा जळायला लागला की तो कडवट-गोड वास कपड्यांत शिरतो आणि धुतला तरी जात नाही. मडकं फुटलं, वाफ निघाली. बाळारामनं पहिलं पान भरून मीनाबाईंपुढं धरलं आणि तिथंच उकिडवा बसला.

"बाय, एक इचारू? ती पडतं कशी?"

बाईंनी शेंग दातांत ओढली. "जमिनीला सांगून."

"आमच्या पोरांना शिकवशील? दर हंगामाला एकाचा तरी खांदा जातो. माझाच दोनदा गेला."

"शिकवीन. रविवारी सकाळी. चटई लागंल. शेड लागंल."

सगळ्यांनी तात्यांकडं पाहिलं. तात्या एक अंडं सोलत होते. त्यांनी ते फार वेळ सोललं. "रविवारी सकाळी शेड मोकळीच असती," ते अखेर म्हणाले. "मी कवा नको बोललो?"

पुढच्या रविवारी बाळाराम आणि त्याची पोरं चटईच्या कडेला रांगेत उभी. "वाक," बाई म्हणाल्या. सातही जण एकदम वाकले, बोटं गोणपाटाला टेकवली, कपाळाला लावली आणि आत गेले. कुणी 'कुणापुढे' म्हणून विचारलं नाही. जपानी वाकणं कसं असतं ते दाखवायला बाईंनी तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटून घेतलं. तेव्हापासून वरशात तीच रीत पडली आणि पुढं माझ्याबरोबर पेणला आली. काही वर्षांपूर्वी जपानहून एक वयस्क गुरुजी माझा वर्ग पाहायला आले होते. त्यांनी फार आदरानं विचारलं, ही प्राचीन पद्धत कोणत्या घराण्याची? मी म्हटलं, वरशाची. त्यांनी मान डोलावली आणि जाताना चटईला हात लावून कपाळाला लावला.

पण त्या रविवारी मी अजून अंगणातच होते. सगळे आत, मी बाहेर. बाई वाट बघत होत्या. मी कडेला गेले. "हे बघा, मी काही तुमच्यापुढे वाकत नाहीये. चटईपुढे वाकतेय."

"मंग चटईला सांग ना. मना कशाला सांगतंस?"

मी चटईला हात लावला, कपाळाला लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा पेंढ्यावर पाय ठेवला. बाळाराम, शकू, सगळे माझ्याकडे बघत होते. सात जणांच्या हातून सुटत सुटत पडलेली मुलगी आता पडून दाखवणार होती. मी झोकात उडी घेतली. ती मऊ गोणपाटं माझ्या ओळखीचीच नव्हती. खांदा त्यांत रुतला, चाक मधेच अडलं आणि मी पाय वर करून उताणी पसरले. नाकात पेंढा गेला. कुठूनतरी एक उंदीर पळाला.

मीनाबाई माझ्या डोक्याशी येऊन उभ्या राहिल्या, खाली वाकल्या, आणि माझ्या केसातली काडी काढली.

"म्हैस," त्या म्हणाल्या. "परत."